वाचनालयातली पुस्तकं, पायथन आणि क्लाउड व्हिजन: फोटोतली मराठी अक्षरं वाचून कशी घ्यायची

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची कल्पना करा. कपाटांत काही हजार मराठी पुस्तकं आहेत, दाखलवही जीर्ण झाली आहे आणि सगळ्या पुस्तकांची यादी संगणकावर आणायची आहे. पुस्तकांचे फोटो काढायला दोन-चार हौशी वाचक सुट्टीच्या दिवशी आनंदाने येतील. पण त्या फोटोंकडे बघत नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत टाइप करायला माणसं कुठून आणायची? हे काम फोटो वाचणाऱ्या ऑनलाइन सेवेकडून बऱ्याच अंशी करून घेता येतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत असेल तर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. इथे मी गूगलच्या क्लाउड व्हिजन सेवेचं उदाहरण घेतलं आहे, कारण तिला छापील मराठी वाचता येतं आणि तिची पायथन लायब्ररी नीट जपलेली आहे. फंक्शनांची नावं लेखात देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थात रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट टाइप करायची.

आधी हे स्पष्ट करू की तुमच्या संगणकावर नेमकं काय येतं आणि काय येत नाही. चित्र ओळखणारं मॉडेल गूगलच्या संगणकांवर चालतं. ही सेवा गूगलने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केली, आणि तेव्हापासून मॉडेल अनेकदा बदललं असलं तरी ते कधीच तुमच्याकडे डाउनलोड होत नाही. पायथनची क्लायंट लायब्ररी म्हणजे तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेला अर्ज लिहून देणारा माणूस. तुमचं म्हणणं तो ठरलेल्या नमुन्यात लिहितो, तिकीट लावतो, योग्य खिडकीत देतो आणि आलेलं उत्तर तुमच्या हातात ठेवतो. निर्णय आतला अधिकारी घेतो. हा फरक मनात पक्का असला तर पुढचा बराच गोंधळ टळतो. फोटोतलं 'ध' हे अक्षर 'घ' असं वाचलं गेलं तर लायब्ररीची आवृत्ती बदलून काही होणार नाही. आणि प्रोग्रॅम 'परवानगी नाही' म्हणून थांबला तर फोटो पुन्हा काढून उपयोग नाही.

ही लायब्ररी नसती तर काय करावं लागलं असतं, तेही बघा. फोटोतले बाइट ठरावीक साच्यात बसवायचे, सुरक्षित जोडणी उघडायची, आपली ओळख पटवणारं टोकन मागवायचं, त्याची मुदत संपली की नवं घ्यायचं, आणि उत्तर आलं की त्याची उकल करून त्यातून पायथनच्या वस्तू तयार करायच्या. हे सगळं लायब्ररी करते, आणि म्हणूनच मूळ प्रोग्रॅम पाच-सहा ओळींत मावतो.

तयारी

गूगल क्लाउडवर एक प्रोजेक्ट उघडायचा, त्यात व्हिजन एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून ही सेवा वापरायचं दार, सुरू करायचा आणि बिलिंग खातं जोडायचं. मोफत मर्यादेत राहणार असलात तरी बिलिंग जोडावंच लागतं. नंतर आपल्या संगणकावर वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून पिपने 'गूगल-क्लाउड-व्हिजन' हे पॅकेज बसवायचं.

ओळख पटवण्याचे दोन मार्ग सर्रास वापरले जातात. पहिला मार्ग सर्व्हिस अकाउंटच्या, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठी काढलेल्या खात्याच्या, किल्लीचा. किल्ली म्हणजे जेसन नावाच्या मजकूर-साच्यातली एक फाइल, आणि तिचा पत्ता 'गूगल ॲप्लिकेशन क्रेडेन्शियल्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला की लायब्ररी ती आपोआप उचलते. दुसरा मार्ग जीक्लाउड या कमांड लाइन साधनातून आपल्याच खात्याने लॉगिन करण्याचा. स्वतःच्या लॅपटॉपवर काम करत असाल तर माझं मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण किल्लीची वेगळी फाइल सांभाळावी लागत नाही. मात्र त्यात एकदा कोटा प्रोजेक्ट, म्हणजे वापर ज्याच्या नावावर मोजायचा तो प्रोजेक्ट, कोणता हे सांगावं लागतं, नाहीतर ४०३ क्रमांकाची चूक येते आणि नवशिक्या माणसाला कारण कळत नाही. किल्लीचा मार्ग घेतलात तर ती फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरबाहेर ठेवा. किल्ली गिटहबवरच्या सार्वजनिक रेपॉझिटरीत गेली की तिच्या जोरावर कोणीही तुमच्या खर्चाने सेवा वापरू शकतो, आणि पुढच्या कमिटमध्ये ती पुसून टाकली तरी जुन्या इतिहासात शिल्लक राहते. अशा वेळी ती किल्ली कन्सोलवर जाऊन रद्दच करायला हवी.

जुन्या लेखांतून प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. या लायब्ररीची २.० ही आवृत्ती २०२० मध्ये आली. तिने पायथन २ चा आधार सोडला आणि 'टाइप्स' व 'ईनम्स' ही दोन उपमॉड्यूल काढून टाकली. त्याआधीच्या धड्यांत 'व्हिजन डॉट टाइप्स डॉट इमेज' असं लिहिलेलं दिसतं. आज ते चालत नाही, आता थेट 'व्हिजन डॉट इमेज' म्हणायचं. इंटरनेटवरचे कितीतरी प्रोग्रॅम एवढ्या एकाच कारणाने पहिल्या ओळीत कोसळतात.

पहिली विचारणा

'इमेज ॲनोटेटर क्लायंट' नावाची वस्तू तयार करायची. ती एकदाच करायची आणि सगळ्या फोटोंसाठी तीच वापरायची. प्रत्येक फोटोला नवा क्लायंट केला तर दरवेळी जोडणी नव्याने उघडते आणि वेळ जातो. फोटोची फाइल बाइनरी रीतीने उघडायची, वाचलेले बाइट 'इमेज'च्या 'कंटेंट'मध्ये द्यायचे आणि ही इमेज 'लेबल_डिटेक्शन' या फंक्शनला सोपवायची. उत्तरात लेबलांची यादी येते, आणि प्रत्येक लेबलात वर्णन असतं, शून्य ते एकमधला स्कोअर असतो. पुस्तकाच्या फोटोवर 'पुस्तक', 'मजकूर', 'कागद' अशा अर्थाचे शब्द येतात, आणि येतात ते इंग्रजीतच. वाचनालयाला त्यांचा उपयोग जवळपास नाही. हे पुस्तक आहे हे आपल्याला माहीतच आहे.

आपलं काम 'टेक्स्ट_डिटेक्शन' आणि 'डॉक्युमेंट_टेक्स्ट_डिटेक्शन' या दोन फंक्शनांशी आहे. दोन्ही फोटोतली अक्षरं वाचतात. पहिलं दुकानांच्या पाट्या किंवा रस्त्यावरचे फलक यांसारख्या विखुरलेल्या शब्दांसाठी, तर दुसरं दाट छापलेल्या पानासाठी. पुस्तकांच्या यादीसाठी मी दुसरं घेईन. कारण पुढे येतंच.

फोटो देताना बाइटऐवजी इंटरनेटवरचा पत्ताही देता येतो. सोय वाटते, पण यादीच्या कामासाठी ती टाळा. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फोटो आणताना तो सर्व्हर गूगलला नकार देऊ शकतो, आणि तसा फोटो मिळेलच याची हमी गूगलही देत नाही.

भाषेची सूचनाही देता येते. 'इमेज कॉन्टेक्स्ट'मधल्या 'लँग्वेज हिंट्स'मध्ये मराठीचा दोन अक्षरी संकेत, म्हणजे रोमन एम आणि आर, लिहायचा. सेवा भाषा आपणहून ओळखते, त्यामुळे आधी सूचना न देता वीस-पंचवीस फोटो पाठवून पाहा. मग सूचना देऊन तेच पाठवा आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून ठरवा.

उत्तर कसं वाचायचं

सगळी मेख इथे आहे, आणि बहुतेक धडे नेमके इथेच संपतात.

'टेक्स्ट_डिटेक्शन'च्या उत्तरात 'टेक्स्ट ॲनोटेशन्स' नावाची यादी येते. तिचा पहिला घटक म्हणजे फोटोतला सगळा मजकूर एकत्र. दुसऱ्यापासून एकेक सुटा शब्द. हे माहीत नसलं की यादीत प्रत्येक शब्द दोनदा येतो आणि माणूस चक्रावतो. दुसरं असं की या घटकांचा स्कोअर छापून पाहिला तर ०.० दिसतो. सेवेला आपल्या वाचनावर अजिबात भरवसा नाही, असा त्याचा अर्थ नाही. ती जागा सेवेने भरलेलीच नाही, आणि न भरलेल्या आकड्याच्या जागी लायब्ररी शून्य दाखवते. प्रोटोकॉल बफर या ज्या साच्यात उत्तर येतं, त्याची ही रीत आहे. शून्य आणि रिकामं यांत तिथे फरक दिसत नाही.

खरा भरवसा 'डॉक्युमेंट_टेक्स्ट_डिटेक्शन'च्या 'फुल टेक्स्ट ॲनोटेशन'मध्ये सापडतो. त्याची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे: पान, पानात ठोकळे, ठोकळ्यात परिच्छेद, परिच्छेदात शब्द आणि शब्दात अक्षरचिन्हं. शब्दापाशी 'कॉन्फिडन्स' असतो आणि त्या शब्दाभोवतीच्या चौकटीचे चार कोपरेही असतात. कोपरे पिक्सेलमध्ये असतात. 'ऑब्जेक्ट_लोकलायझेशन' या दुसऱ्या फंक्शनात मात्र ते शून्य ते एक अशा प्रमाणात येतात, त्यामुळे एकीकडचं गणित दुसरीकडे चालवू नका.

या चौकटींचा आपल्याला फार उपयोग आहे. पुस्तकाचं नाव बहुतेक वेळा पानावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं. म्हणून शब्दांच्या चौकटींची उंची काढायची, सगळ्यात उंच शब्द एकत्र करायचे, आणि ते नाव धरायचं. त्याच्या लगेच खालचा किंवा वरचा मध्यम उंचीचा परिच्छेद हा लेखक असण्याची शक्यता जास्त. नियम साधा आहे, पण केवळ सलग मजकुरावरून नाव शोधण्यापेक्षा कितीतरी बरा.

त्याच ओघात एक सल्ला: मुखपृष्ठापेक्षा आतल्या शीर्षकपानाचा फोटो काढा. मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर सुलेखनाची मोठी परंपरा आहे. चित्रकाराने हाताने काढलेली, वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं डोळ्यांना सुरेख दिसतात, पण छापील टंकांवर शिकलेल्या मॉडेलची तिथे दमछाक होते. शीर्षकपानावर तेच नाव साध्या टंकात असतं, आणि प्रकाशक, आवृत्ती व किंमत बहुधा त्याच पानावर किंवा त्यामागच्या पानावर मिळतात. प्रोग्रॅममध्ये आठवडाभर डोकं घालून जितकी अचूकता वाढेल, तितकी कदाचित योग्य पान उघडण्याने वाढेल.

मोबाइलच्या फोटोंची आणखी एक खोडी असते. फोन आडवा-उभा धरला की तो चित्र फिरवत नाही. 'हे एवढं फिरवून दाखवा' अशी नोंद फाइलीत करून ठेवतो. मग आपण पायथनमधल्या चित्रं हाताळणाऱ्या पिलो लायब्ररीने चित्र उघडून त्यावर चौकटी काढायला गेलो की त्या भलतीकडे उमटतात. पिलोच्या 'इमेजऑप्स'मधलं 'एक्झिफ_ट्रान्सपोज' हे फंक्शन फोटो आधीच सरळ करून देतं. सरळ केलेली प्रतच सेवेला पाठवली की दोघांसमोर एकच चित्र राहतं.

आता भरवशाच्या आकड्याविषयी. कॉन्फिडन्स ०.९ आहे म्हणजे असे दहा शब्द घेतले तर नऊ बरोबर निघतील, असं त्यातून सिद्ध होत नाही. तो मॉडेलचा स्वतःविषयीचा अंदाज आहे. तुमच्या वाचनालयातल्या पिवळ्या पडलेल्या, खिळ्यांच्या छपाईच्या पुस्तकांवर तो अंदाज किती खरा ठरतो, हे तुम्हालाच मोजावं लागेल. शंभरेक फोटो बाजूला काढा, त्यांची नावं हाताने टाइप करा आणि सेवेच्या वाचनाशी ताडून पाहा. मग एक सीमा ठरवा. सीमा उंच ठेवली तर चुका कमी शिरतील, पण हाताने तपासायचा ढीग वाढेल. खाली ठेवली तर ढीग आटेल आणि चुका यादीत मुरतील. वाचनालयासाठी मी सीमा उंच ठेवेन. चुकीच्या नावाने नोंदलेलं पुस्तक कपाटात असूनही हरवल्यासारखंच असतं.

हाच आकडा दुसऱ्या सेवेत वेगळ्या मापात येतो. ॲमेझॉनच्या रेकग्निशन या चित्र ओळखणाऱ्या सेवेत बोटो३ या लायब्ररीतून विचारलं तर भरवसा शून्य ते शंभरमध्ये मिळतो, आणि लेबलं मागताना किमान सीमा सांगितली नाही तर ती ५५ धरली जाते. एका सेवेवरून दुसरीवर जाताना ०.८ ही सीमा तशीच राहिली, तर जवळपास सगळंच पास होईल.

देवनागरीतले खाचखळगे

मजकूर युनिकोडमध्ये येतो, त्यामुळे पायथन ३ मध्ये तो थेट वापरता येतो. फाइलीत लिहिताना मात्र एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट सांगा. विंडोजवर ते न सांगता फाइल उघडली तर देवनागरी लिहिताना प्रोग्रॅम अनेकदा चूक दाखवून थांबतो. यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर 'यूटीएफ-८-सिग' घ्या, म्हणजे एक्सेलला अक्षरं नीट कळतात.

पायथनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर तो ५ सांगतो, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. म्हणून 'तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द गाळा' अशासारखे नियम लिहिताना जपून.

सगळ्यात त्रासदायक आहे तो आपला 'ऱ'. 'किनाऱ्यावर' किंवा 'दुसऱ्या' यांतला अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो: 'ऱ' हे एकच चिन्ह आणि हलन्त; साधा र, त्याखाली नुक्त्याचा ठिपका आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि पाठोपाठ झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र पायथनच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि वाचकाने बरोबर टाइप करूनही पुस्तक सापडत नाही. 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधल्या 'नॉर्मलाइझ'ला एनएफसी हा सुटी चिन्हं जोडून एकच रूप करणारा पर्याय दिला की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा त्याने बदलत नाही. तो शोधून पहिल्या रूपात आणायची एक ओळ आपणच लिहायची. सेवेकडून आलेला मजकूर आणि वाचकाने शोधपेटीत टाइप केलेला शब्द, दोन्ही याच चाळणीतून काढायचे.

एक सुखाची गोष्टही सांगतो. किंमत '१५०' अशी देवनागरी अंकांत आली, तरी पायथनचं 'इंट' तिचा थेट आकडा करून देतं. अंक बदलण्याचा वेगळा तक्ता लागत नाही.

हजारो फोटो, खर्च आणि अडथळे

खर्च युनिटांत मोजतात. एका फोटोवर एक काम म्हणजे एक युनिट. त्याच फोटोवर लेबल आणि मजकूर अशी दोन कामं सांगितली तर दोन युनिटं. महिन्याला पहिली १००० युनिटं मोफत असतात आणि त्यापुढे मजकूर वाचायला हजार युनिटांना दीड डॉलर असा दर आहे. दर बदलू शकतात, म्हणून सुरुवातीला दरपत्रक उघडून पाहा. बिलिंगमध्ये बजेटची सूचना लावता येते, पण ती नुसती ईमेल पाठवते, खर्च थांबवत नाही.

इथे लायब्ररीचा एक स्वभाव माहीत हवा. 'ॲनोटेट_इमेज' या सर्वसाधारण फंक्शनला कोणतं काम करायचं ते सांगितलंच नाही, तर लायब्ररी सगळी कामं मागवते: चेहरे, लोगो, स्थळं, मजकूर, सगळं. प्रत्येकाचं युनिट मोजलं जातं. म्हणून काम नेमकं सांगा.

'बॅच_ॲनोटेट_इमेजेस'ने एका विनंतीत १६ फोटोंपर्यंत पाठवता येतात. फोटोची फाइल २० एमबीच्या आत हवी. मजकुरासाठी १०२४ बाय ७६८ पिक्सेल एवढा आकार सुचवलेला आहे. आजच्या फोनचे फोटो त्याच्या कितीतरी पट मोठे असतात, म्हणून पाठवण्याआधी लांब बाजू दोनेक हजार पिक्सेलवर आणली तर गावातल्या इंटरनेटवरही काम पुढे सरकेल.

चुका दोन जागी येतात, आणि दोन्ही जागी पाहावं लागतं. जोडणी तुटली, परवानगी नाही, मिनिटाचा कोटा संपला अशा वेळी पायथनमध्ये एक्सेप्शन उठतं. पण एखादा फोटोच खराब असेल तर फंक्शन शांतपणे उत्तर परत देऊ शकतं आणि तक्रार उत्तराच्या आत, 'एरर' या भागातल्या 'मेसेज'मध्ये असते. ती वाचली नाही तर 'या पानावर मजकूर नाही' अशी खोटी नोंद यादीत जाते. कोटा संपल्याची चूक आली तर लगेच पुन्हा विचारू नका. दोन सेकंद, मग चार, मग आठ असं थांबत जा, आणि प्रत्येक विनंतीला टाइमआउट द्या.

आलेलं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं जेसन फाइलीत साठवा. उत्तराच्या प्रकारावरचं 'टू_जेसन' हे फंक्शन त्यासाठीच आहे. फाइल उघडल्यावर मराठीऐवजी तिरक्या रेघा आणि आकडे दिसले तर घाबरू नका. तो युनिकोडचाच लिखित प्रकार आहे आणि 'जेसन डॉट लोड्स'ने वाचताच अक्षरं परत येतात. मूळ उत्तरं हाताशी असली की नाव शोधण्याचा नियम कितीही वेळा बदला, सेवेला पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत.

काय पाठवू नये

पुस्तकांची पानं निरुपद्रवी आहेत. पण तोच प्रोग्रॅम उद्या सभासदांच्या ओळखपत्रांवर चालवावासा वाटेल, आणि तिथे थांबायला हवं. माणसांचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर जात आहेत, हे त्या माणसांना माहीत असलं पाहिजे आणि त्यांची संमती असली पाहिजे. भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा याच विषयावर आहे. 'फेस_डिटेक्शन' चेहरा कुठे आहे, आनंदी दिसतो का अशा गोष्टी सांगतं, तो कोणाचा हे सांगत नाही. तरीही फोटो तर तिकडे गेलेलाच असतो.

बाहेर पाठवता येणार नाही असा मजकूर असेल तर टेसरॅक्ट हे मोफत साधन आपल्याच संगणकावर चालतं. त्याला पायथनमधून पायटेसरॅक्टने हाक मारता येते आणि मराठीसाठी त्याची वेगळी प्रशिक्षित फाइल आहे. तिचा संकेत मात्र तीन अक्षरी आहे: रोमन एम, ए, आर.

कपाटाच्या तळाशी मोडीतली जुनी दप्तरं निघाली तर त्यांचेही फोटो काढून ठेवा, पण या प्रोग्रॅममधून ते सोडू नका. मोडी लिपी क्लाउड व्हिजनच्या यादीत नाही, आणि सेवा तिथे 'वाचता येत नाही' असं म्हणेलच असं नाही. ती भलतीच देवनागरी अक्षरं काढून देऊ शकते. त्या फोटोंसाठी वेगळा फोल्डर करा आणि ते मोडी जाणणाऱ्या माणसाकडे द्या.